पुठ्ठ्याचं बंदर

मे महिना लागला की आमच्या गल्लीत ऑइलपेंटचा वास सुटतो. थंडी संपली, लाकूड सुकलं, आता खिडक्यांच्या चौकटी रंगवून घ्या, असा इथला रिवाज आहे. माणसं शिडीवर चढतात, रेडिओ लावतात आणि परवा-परवा रंग दिलेल्या चौकटीला पुन्हा रंग देतात. हॉलंडमधल्या नायमेखनमध्ये येऊन मला अठरा वर्षं झाली, तरी पहिल्या वासाला मी खिडकी लावून घेते आणि थोड्या वेळाने स्वतःच उघडते. कोण रंगवतंय, कुठला रंग, आणि नेमकं आजच का, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझा स्वभावच तसा, आणि पोटही त्याच्यावरच चालतं. बंद पडलेल्या चिप आमच्याकडे येतात आणि त्या का बंद पडल्या ते मी शोधते. एकेक थर सोलत जायचं, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, आणि जे सगळ्यात निरपराध दिसतं तिथून सुरुवात करायची. प्रशांत, माझा नवरा, म्हणतो की मी चुकून इंजिनिअर झाले, माझी जागा पोलिसात होती. मी म्हणते, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. यावर तो विचारतो, तुझं तोंड पोळलं कधी? मग मी विषय बदलते, कारण पोळलं ते माझं नव्हे, माझ्या बाबांचं, आणि त्यांच्या बापाचं.

त्या वर्षीचा वसंत या वासाबरोबर परत येतो. करोनाचं पहिलं वर्ष. शाळा बंद, ऑफिस बंद, आणि आकाश असं निळं की विमानाची एक रेघ नाही. आठवडेच्या आठवडे पाऊस नाही. हॉलंडात इतकी चांगली हवा इतके दिवस टिकली म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं मी पहिल्याच आठवड्यात प्रशांतला सांगून टाकलं होतं. लोक मात्र खुशीत होते. कुंपणं रंगवत होते, फरशा उखडून पुन्हा बसवत होते. घरात बसा म्हटल्यावर या देशाने घरालाच कामाला लावलं.

आणि दीड मीटर. नियम मला पाठ होता, त्यामागचं शास्त्रही पटलेलं होतं. तरी समोरून कुत्रा घेऊन येणारी बाई मला पाहून रस्ता ओलांडायची तेव्हा मी जागीच थबकायचे. ती पलीकडून हसून हात हलवायची. ती माझ्यापासून जेवढी लांब, तेवढीच मीही तिच्यापासून, हे कळत होतं. पण आम्ही बौद्ध. आजोबांच्या काळात आमचं घर गावकुसाबाहेर होतं, आणि माणसं बाजूला सरकण्याच्या गोष्टी मी जेवताना ऐकत मोठी झाले. त्यामुळे कुणी माझ्यासाठी रस्ता सोडला की मला आधी त्याचे डोळे बघावेसे वाटतात.

मिरेनशी ओळख झाली ती खोक्यांवरून. ती आमची शेजारीण, सत्तरीला टेकलेली. डच नवरा वारलेला, मुलंबाळं नाहीत. पूर्वी ती एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढायची. दोन्ही बागांमधल्या कमरेएवढ्या कुंपणापलीकडे ती उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्याकडे येणारी पार्सलं. ती रिकामी खोकी मला द्याल का? सगळी."

माझ्या मनात पाल चुकचुकली. खोकी कशाला? आणि आमच्याकडे पार्सलं येतात हे हिला कसं माहीत? खोक्यावर नाव असतं, आडनाव असतं. या गल्लीत प्रत्येक दारावर आडनावाची पाटी आहे, आमच्याच दारावर फक्त नंबर, आणि तो मी विचार करून लावलेला. मी खोकी दिली, पण आधी वरचे सगळे पत्ते नखाने खरवडून काढले. एका खोक्यावरचा निघेना तेव्हा तो तुकडाच कापून ठेवला. मिरेनने त्या भोकाकडे पाहिलं आणि म्हणाली, "वा, इथे खिडकी आयती झाली."

ती स्वतःचं गाव बांधत होती. स्पेनच्या उत्तरेला, समुद्राला लागून बास्कांचा मुलूख आहे, तिथलं एक चिमुकलं बंदर. त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. एक तर मला ते आजही धड उच्चारता येत नाही, आणि दुसरं म्हणजे ते मिरेनचं आहे, तिने सांगावं. दर उन्हाळ्यात ती तिथे बहिणीकडे जायची. त्या वर्षी सरहद्दी बंद झाल्या आणि बातम्यांत स्पेनचे दवाखाने दिसायला लागले. मिरेनने बागेतल्या शेडमध्ये दोन जुनी दारं आडवी टाकून टेबल केलं आणि एकास पन्नास या मापाने घरं उभी करायला घेतली. "मी जाऊ शकत नाही, तर तेच इकडे येईल," ती म्हणाली. ती पुण्याचीही चालली असती, इतकी हट्टी.

यशू, म्हणजे माझी मुलगी यशोधरा, तेव्हा नऊ पुरी होत आलेली. शाळा लॅपटॉपवर, मैत्रिणी लॅपटॉपवर, आईबाप आपापल्या लॅपटॉपवर. तिला जिवंत असं एकच माणूस होतं, आणि ते कुंपणापलीकडे पुठ्ठा कापत होतं. शेडची दोन्ही दारं उघडी टाकून मिरेन एका टोकाला आणि यशू दुसऱ्या टोकाला बसायची. मधे बंदर. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून नजर ठेवून असायचे. म्हातारीचं काय जातं एवढा वेळ द्यायला? आणि काही जात नसेल तर मग तिला काय हवंय?

हळूहळू मीही कुंपणाशी रेंगाळायला लागले. फक्त चौकशीसाठी, असं स्वतःला सांगत. घरं विचित्र होती. एका खिडकीच्या रुंदीची, फार तर दोन, पण चार-पाच मजले उंच, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून बंदराकडे तोंड करून उभी. खाली दगड, वर लाकडाचा सांगाडा आणि त्यात विटा भरलेल्या, आणि प्रत्येक मजला खालच्यापेक्षा वीतभर पुढे आलेला. तळमजल्यावर माणसं राहत नसत, तिथे जाळी आणि पिंपं. वर मजल्यामजल्याला एकेक कुटुंब. मागच्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या घरात कांदा परतला तर डोळ्यांत पाणी आपल्या यायचं. लाकूडकाम कुठे गर्द हिरवं, कुठे लाल, कुठे निळं. बोटीला रंग देऊन जो उरायचा तोच खिडकीला लागायचा, म्हणून कुठलं घर कुठल्या बोटीचं ते लांबून ओळखू यायचं.

हे मला फार गोड वाटलं, म्हणून मी ते तपासलं. लॅपटॉपवर त्या गावाच्या रस्त्यांचे फोटो उघडले आणि मिरेनचं घर शोधून काढलं. तिने हिरवं सांगितलं होतं, फोटोत ते राखाडी होतं. दुसऱ्या दिवशी कुंपणाशी मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ती चिडली नाही. "खालचे दोन मजले माद्रिदच्या लोकांनी घेतलेत," ती म्हणाली. "वर्षातून दोन आठवडे येतात. त्यांना राखाडी आवडतो. मी बांधतेय ते माझ्या बापाच्या वेळचं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू तपासलंस? छान. मीही तपासलं असतं." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मी घरात आले आणि उगाच भांडी घासत बसले.

तिच्या पुढच्या दारावर एक वाळलेलं काटेरी फूल ठोकलेलं होतं, सूर्यफुलासारखं पण रुपेरी. तेही मला खटकत होतं. आमच्या घरी दाराला लिंबू-मिरची बांधायची नाही अशी बाबांची सक्त ताकीद, त्यामुळे दारावर काहीही लटकलेलं दिसलं की माझे कान टवकारतात. मिरेनने सांगितलं की तिच्या मुलखात हे फूल घरोघरी असतं. वाईट शक्ती अंधारात आली तर तिला आत शिरण्याआधी या फुलाची एकेक पाकळी मोजावी लागते, आणि मोजून होईपर्यंत उजाडतं. मला हसू आलं. दारातल्या पाहुण्याला एवढं काम लावणारी माणसं मला एकदम जवळची वाटली.

आणि मग तिने तो प्रश्न विचारला.

तिच्या गावात घराला नाव असतं. दारावरच्या दगडात ते कोरलेलं असतं, कधी सोबत जहाजाचा नांगर, कधी देवमासा. कोपऱ्यावरचं, वरच्या वाटेचं, नवं घर, अशी साधीच नावं. पण माणसाची ओळख त्या नावावरून. कागदावर मिरेनचं आडनाव काही का असेना, गावात ती "कोपऱ्यावरची मिरेन". घरात भाडेकरू आला तर त्यालाही तेच नाव लागायचं. घर माणसाला नाव देतं, माणूस घराला नाही. हे सगळं ती यशूला सांगत होती, आणि बोलता बोलता माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्या घराचं नाव काय? हे नव्हे. मूळचं. तुमच्या माणसांचं घर."

यशूही मागे वळली. "येस, आई. व्हॉट्स अवर हाउस कॉल्ड?"

मूळचं! हा प्रश्न मी पुण्याच्या वसतिगृहात ऐकला होता, पहिल्या नोकरीत ऐकला होता, आणि इथे आल्यावर दिवाळीच्या कार्यक्रमात झूटरमेर या गावच्या एका मराठी बाईंकडून ऐकला होता. त्या चकली पुढे करत म्हणाल्या होत्या, "तुमच्या आडनावावरून काही कळत नाही हो. मूळचे कुठले? गावात घर कुठल्या आळीत?" हा प्रश्न घराबद्दल नसतो, हे आमच्यात लहान मूलसुद्धा जाणतं. म्हणून माझ्याकडे ठेवणीतलं एक उत्तर होतं. वसतिगृहात पहिल्यांदा तोंडातून निघालं आणि मग वापरून वापरून गुळगुळीत झालं. "आमची माडी होती गावात," मी म्हणायचे. झूटरमेरच्या बाई लगेच "अच्छा, अच्छा" म्हणाल्या आणि पुढचं सगळं त्यांनीच मनात भरून घेतलं. म्हणजे पापही अर्धंच माझं.

मिरेनला आमची जात ठाऊक नव्हती, तिला तो शब्दही नीट माहीत नसावा. हे मला त्या क्षणी कळायला हवं होतं. पण चटका बसला की हात आधी मागे येतो, विचार नंतर. "माडी," मी म्हणाले. "माडीचं घर."

"कसं होतं?" मिरेनने वही उघडली.

तिथे थांबता आलं असतं. पण ती माणूस अशी की मोघम उत्तर घ्यायची नाही. जोतं किती उंच? पायऱ्या किती? दार मधोमध की एका बाजूला? मी सांगत गेले. काळ्या दगडाचं जोतं. चार पायऱ्या. डाव्या अंगाला दोन फळ्यांचं दार, पितळी कड्यांचं. वर माडी, तिला तीन खिडक्या, लाकडी कठडा. सगळं खरं होतं. अकोल्याकडच्या आमच्या गावात हे घर होतं. मी सात-आठ वर्षांची असताना बाबांनी मला रस्त्यावरून ते दाखवलं होतं. फक्त ते आमचं नव्हतं. माझे पणजोबा त्या घरची लाकडं फोडायचे, मेलेली जनावरं ओढायचे, आणि भाकरी मागायला त्या पायऱ्यांच्या खाली उभे राहायचे.

मी आत गेले. काय झालं, प्रशांतने विचारलं. मी म्हटलं, "ती म्हातारी फार चौकशा करते. यशूला तिकडे जास्त पाठवायला नको." तो म्हणाला, "अगं, तिला चौकशा करू दे. तूही तेच करतेस ना दिवसभर?" मी त्याच्यावर उगाच खेकसले.

तीन आठवड्यांनी यशूचा वाढदिवस आला. केक कापायला आम्ही तिघंच. दुपारी मिरेनने कुंपणावरून हाक मारली आणि शेडमधल्या टेबलाकडे बोट केलं. बंदराच्या टोकाला, धक्क्यापासून जरा वर, माडी उभी होती. काळं जोतं, चार पायऱ्या, डावीकडे दार, त्याला तांब्याच्या तारेची कडी. वरच्या कठड्याचा एकेक गज काड्यापेटीच्या काडीचा. आमच्या खोक्यांचाच पुठ्ठा होता तो. दारावर तिने यशूकडून विचारून घेतलेली अक्षरं चितारली होती, देवनागरीत, थोडी वाकडी: माडीचं घर.

यशू नाचायला लागली. तिने ते घर घरात आणू दिलं नाही. समुद्राजवळच राहू दे म्हणाली, तिथून दिसतं छान. वऱ्हाडातल्या त्या घराला आयुष्यात पहिल्यांदा समुद्र मिळाला. मी "थँक यू, मिरेन" म्हटलं आणि मला शरमेने घाम फुटला. म्हातारीने तीन आठवडे खपून माझ्या मुलीला जे दिलं होतं, ते माझ्या पणजोबांचा अपमान होता, आणि त्याची मापं मी स्वतः पुरवली होती. यशूला खरं सांगायला हवं होतं. उद्या सांगू म्हटलं. उद्या शाळा होती. परवा मिटिंग होती. सांगायचं म्हणजे नुसती माडी आमची नव्हती एवढं नाही, ती आमची का नव्हती हेही सांगायला लागणार. हॉलंडमध्ये जन्मलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला, जिने आजवर कुणाला आडनाव विचारलेलं नाही.

माझ्या उद्याची वाट कोण बघतो? रविवारी अकोल्याहून बाबांचा व्हिडिओ कॉल आला आणि मी उचलायच्या आत यशूने फोन पळवला. "आजोबा, वेट, वेट, तुम्हाला आपलं घर दाखवते!" ती कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेली. मी कुंपणाशी पोहोचेपर्यंत फोन माडीसमोर धरलेला होता.

बाबा निवृत्त मास्तर. वय बहात्तर. मला स्क्रीन दिसत नव्हती, फक्त यशूचा उंचावलेला हात दिसत होता. मग आवाज आला, वर्गात फळ्यावरची चूक सांगावी तसा. "पायऱ्या चार केल्यात. पाच होत्या. पाचवी अर्धी मातीत गेलेली. तिच्या खाली आम्ही बसायचो."

"ओके, पाच," यशू म्हणाली आणि तिने मिरेनला पाच बोटं दाखवली. मिरेनने लगेच वहीत लिहून घेतलं.

"बाळा," बाबा म्हणाले, "आतून दाखव ना. मी आतून कधी पाहिलं नाही."

यशूने छप्पर उचललं, फोन आत घातला, आणि मग थांबली. हुशार आहे ती. "पण आजोबा, इट्स युवर हाउस. तुम्ही आतून का नाही पाहिलं?"

बाबा मला सांभाळून घेऊ शकले असते, नाहीतर सगळं स्वतः सांगून टाकू शकले असते. त्यांनी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. "आईला विचार," ते म्हणाले.

मी सांगितलं. कुंपणाच्या अलीकडे उभी राहून, दोघींना एकदमच, इंग्रजीत, कारण ती दोघींना येत होती आणि मला त्या भाषेत रडू येत नाही. माडी कुणाची होती, आम्ही कुठे राहायचो, का राहायचो, आणि मी खोटं का बोलले. बोलताना मी मिरेनचा चेहरा वाचत होते. दया दिसली असती तर मी तिथेच थांबले असते. दया नव्हती. ती चक्क रागावली होती.

"तू मला खोटी मापं दिलीस," ती म्हणाली. "तीन आठवडे मी चुकीचं घर बांधलं."

इतकं बरं मला त्या वर्षात कुणाच्या बोलण्याने वाटलं नव्हतं.

यशूचं तसं नव्हतं. ती माझ्याशी फक्त डच बोलायला लागली. जेवायला ये म्हटलं तर डच, दात घास म्हटलं तर डच, नम्र आणि कोरडं, खेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, काउंटरवर बोलतात तसं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने मला विचारलं, आणखी काय काय खोटं आहे? आजोबांचं नाव खरं आहे का? मी म्हटलं, आडनाव त्यांनी बदलून घेतलेलं आहे. तिने मान हलवली, जणू तिला अंदाज होताच. संशय आमच्यात तिसऱ्या पिढीत उतरला, तो माझ्या हाताने. मला हे अजून टोचतं. मी तिला या सगळ्यापासून लांब ठेवायला निघाले होते आणि तिला नेमका तोच एक वारसा देऊन बसले.

आज इतक्या वर्षांनी मागे वळून बघताना मी असं म्हणणार नाही की संशय वाईट. झूटरमेरच्या बाईंबद्दल माझा संशय खरा होता आणि आजही आहे. त्यांना घर नकोच होतं, आळी हवी होती. मिरेनला घर हवं होतं. दोघींचे शब्द जवळजवळ तेच, आणि मी, जिचं कामच बारीक फरक ओळखायचं, ती दोघींना एकाच मापाने मोजून मोकळी झाले.

मिरेनने तिसऱ्या दिवशी निरोप पाठवला. खरं घर कसं होतं, आणि सांगणारा माणूस खात्रीचा असावा. खात्रीचा म्हणजे मी नाही, हे उघड होतं. मग बाबांना फोन लावून मी कुंपणावर धरला आणि दुभाषी झाले. एक खोली, बाबा म्हणाले. तुराट्या-पऱ्हाट्यांचा, म्हणजे तूर-कापसाच्या वाळल्या काड्यांचा कूड, शेणामातीने लिंपलेला. गवताचं छप्पर. खिडकी नाही. मिरेनने दाराची उंची विचारली. "वाकल्याशिवाय आत जाता यायचं नाही," बाबा म्हणाले. "माझ्या बापाला बाहेरही वाकावंच लागायचं, त्याला काही वेगळं वाटलं नसेल." हे मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा मिरेनची पेन्सिल थांबली. तिने विचारलं, नाव काय घराचं? बाबा हसले. "नाव कशाला बाप्पा? नाव नव्हतं, दिशा होती. गावाच्या उगवतीला. वारा मावळतीकडून यायचा ना, आमच्या अंगावरून तो गावात जाता कामा नये."

ते घर एका दुपारात झालं. पुठ्ठ्याची एक पट्टी, बागेतलं वाळलं गवत, आणि लिंपायला यशूने कालवलेली खरीखुरी माती. तळहातावर मावेल एवढं. यशूने ते माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, मराठीत, "हे खरं आहे?"

"आजोबांना विचार."

"नो. तुला विचारतेय."

"हे खरं आहे," मी म्हणाले. तिने माझा चेहरा नीट तपासला आणि मग मला मोजायच्या फितीचं टोक धरायला दिलं.

कारण आता ते ठेवायचं होतं, आणि मिरेन अंदाजाने ठेवू देणाऱ्यांतली नव्हती. माडीपासून किती लांब? बाबा फोनवर होतेच. "चारशे पावलं. माझी तेव्हाची, म्हणजे लहान पोराची." मिरेनने वहीत गणित केलं. पोराचं पाऊल अर्धा मीटर, म्हणजे दोनशे मीटर. भागिले पन्नास. चार मीटर, पूर्वेला. आम्ही फीत धरली. टेबल संपलं, शेडचं दार मागे पडलं, तिची बाग संपली, फीत कुंपणावरून अलीकडे आली आणि आमच्या फरशीवर, कपडे वाळत घालायच्या दांडीखाली, चार मीटर पुरे झाले. मापाप्रमाणे आमचं घर तिच्या गावात बसत नव्हतं. यशूने ते तिथे ठेवलं आणि उकिडवी बसून छपराचं गवत नीट करायला लागली.

मी फोन खाली करून बाबांना दाखवलं. त्यांनी दोन्ही घरं पाहिली, मधली बाग पाहिली. "बरोबर वाटतंय," ते म्हणाले. "पण हाक ऐकू गेली पाहिजे. म्हणूनच एवढं जवळ ठेवलं होतं आम्हाला. सावली पडू नये इतकं लांब, आणि हाक आली की हजर होता यावं इतकं जवळ. त्या बाईंना म्हणावं, माडीपाशी उभं राहून हाक मारा."

मी मिरेनला सांगितलं. तिला ते आवडलं नाही, पण माप म्हणजे माप. ती टेबलाशी जाऊन माडीमागे उभी राहिली आणि डचमध्ये मोठ्याने ओरडली, "यशू! ये इकडे!"

चार मीटरवरून न ऐकू यायला काय झालं? यशूने मान वर केली, मिरेनकडे पाहिलं, हातातली काडी छपरात खोचली.

"ने, होर," ती म्हणाली, आणि पुन्हा खाली वाकून कामाला लागली.

"काय म्हणाली?" फोनमधून बाबांनी विचारलं.

"नाही म्हणाली, बाबा. येत नाही म्हणाली."

"रागावली काय?"

"नाही हो. रागावून नाही. सहज म्हणाली. काम चाललंय तिचं."

लाइन गेली असं समजून मी स्क्रीन जवळ घेतली. बाबा तिथेच होते. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

"यशूला म्हणावं," ते म्हणाले, "परत एकदा नाही म्हण."